कपाटातला फोन : शेतकरी पंतप्रधान तुर्ब्यॉर्न फेल्दीन

लुंडकर

स्वीडनच्या राजकारणाचा विषय निघाला की आपली गाडी ओलोफ पाल्मे स्टेशनात थांबते आणि तिथून थेट बोफोर्सला जाते. मीही दहा वर्षांपूर्वी लुंडला आलो तेव्हा त्याच गाडीत बसलेलो होतो. पाल्मेंना हरवून पंतप्रधान झालेला माणूस मला कळला तो अगदी अलीकडे, शेजारच्या आजींमुळे.

आजी ऐंशीच्या घरातल्या. कोटाचं बटण तुटलं होतं, सुईत दोरा ओवून दे म्हणून त्यांनी मला बोलावलं. बटणं कशात? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात! हा डबा जगभर सगळ्या आज्यांकडे असतो आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात. तर त्या डब्यात तळाशी एक पिवळा बिल्ला निघाला. मधोमध लाल हसरा सूर्य, भोवती अक्षरं : 'आटूमक्राफ्ट? नेय ताक!' म्हणजे 'अणुऊर्जा? नको, धन्यवाद.' (धन्यवादला स्वीडिशमध्ये 'ताक' म्हणतात. यावरचे सगळे विनोद मी पहिल्याच वर्षी करून संपवलेत, आता कुणी नव्याने करू नये.)

आजी म्हणाल्या, "हा लावूनच मी फेल्दीनला मत द्यायला गेले होते." मग कॉफी झाली, दालचिनीचा बन झाला आणि मी घरी येऊन वाचत बसलो.

तुर्ब्यॉर्न फेल्दीन. जन्म २४ एप्रिल १९२६, उत्तरेकडच्या ओंगेरमानलांड प्रांतात, शेतकऱ्याच्या घरी. कॉलेजची पायरी चढलेली नाही. १९५६ मध्ये सुलवेग यांच्याशी लग्न झालं आणि दोघांनी शेत घेतलं. नव्याने शेती सुरू करणाऱ्यांना सरकारी मदत मिळायची, तिच्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, की या जमिनीवर कुटुंबाचं पोट भरणार नाही, सबब मदत मिळणार नाही. यांनी मदतीशिवाय शेती केली. दोनच वर्षांत, १९५८ ला, गडी खासदार म्हणून स्टॉकहोममध्ये हजर.

पक्ष म्हणजे पूर्वीचा शेतकरी संघ. खेड्यातली माणसं शहरात चालली, शेतकरी मतदार आटायला लागला, तेव्हा पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्याने नाव बदलून 'सेंटर पार्टी' केलं. चिन्ह मात्र हिरवंच, चार पानांचं क्लोव्हर. गुन्नार हेडलुंड यांनी १९४९ पासून १९७१ पर्यंत पक्ष सांभाळला आणि मग सूत्रं पंचेचाळीस वर्षांच्या फेल्दीन यांच्याकडे आली.

आता गंमत बघा. शेतकरी कमी होत होते आणि शेतकऱ्यांचा पक्ष वाढत होता. कारण मोठमोठे कारखाने, काँक्रीटच्या वसाहती, सगळे निर्णय राजधानीतून, याचा शहरातल्या तरुणांनाही कंटाळा यायला लागला होता. 'हिरवी लाट' म्हणत त्या काळाला. गावाकडे चला, नद्या वाचवा, सत्ता खाली वाटा. हे सगळं बोलायला सेंटर पार्टीला वेगळा अभ्यास करावा लागला नाही. १९७३ च्या निवडणुकीत त्यांना २५.१ टक्के मतं आणि ९० जागा मिळाल्या. पण सभागृह ३५० जागांचं. डावे १७५, उजवे-मधले १७५! पुढची तीन वर्षं बरोबरी झाली की चिठ्ठी टाकून निकाल लावायचे. खोटं नाही सांगत. त्या संसदेला लोक 'लॉटरी संसद'च म्हणत. मग शहाणपण सुचून एक जागा कमी केली, तेव्हापासून ३४९.

१९ सप्टेंबर १९७६ ला निकाल लागला : १८० विरुद्ध १६९. सोशल डेमोक्रॅट्स, म्हणजे पाल्मेंचा पक्ष, १९३२ पासून सत्तेत होते, मधे १९३६ च्या उन्हाळ्यातले काही महिने सोडले तर. चव्वेचाळीस वर्षांनी सत्ता हलली आणि पंतप्रधान झाला तो पाइप ओढणारा, सावकाश बोलणारा, मेंढ्या पाळणारा माणूस.

आणि हा माणूस राहायचा कसा, तर स्टॉकहोममध्ये भाड्याच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये एकटा. बायकोमुलं वर गावी, शेतावर. स्वयंपाक स्वतः, भांडी स्वतः, सकाळी कचऱ्याची पिशवी खाली नेऊन टाकायची आणि पंधरा मिनिटं चालत पंतप्रधान कार्यालयात जायचं. अंगरक्षक नको म्हणाले. पंतप्रधान म्हणून एक खास टेलिफोन लाइन तेवढी घरात घेतली. तो फोन ठेवला कुठे? पॅसेजमधल्या कपड्यांच्या कपाटात. कुणाला त्रास नको म्हणून!

बिल्ल्याची खरी गोष्ट अजून बाकी आहे. जेवून येतो.

मिरची_भजी

कपाटातला फोन!! कोट-शर्टांच्या मधे डोकं खुपसून पंतप्रधान "हॅलो, बोला" करतायत हे डोळ्यांसमोर आलं आणि ऑफिसात एकटीच हसले. पुढचं लवकर टाका.

रानमेवा

रामविक नावाचं गाव आहे ना तिथे? मागे नकाशात पाहिलं होतं. आपल्याकडचंच वाटतं, कणकवलीच्या पुढे डावीकडे.

लुंडकर

@रानमेवा, हो, शेत रामविकलाच. पण आपल्या रामाचा संबंध नाही हो. 'वीक' म्हणजे खाडी, छोटी आखाती जागा. निम्म्या स्कँडिनेव्हियाच्या गावांना हे शेपूट आहे.

हिशेबनीस

लेख चांगला आहे, पण एक खडा टाकतो. नेता स्वतः भांडी घासतो, चालत जातो, साधी चप्पल घालतो, याचं आपल्याला भारी कौतुक. भांडी मीही घासतो. पंतप्रधान म्हणून केलं काय? माझ्या वाचनाप्रमाणे हे गृहस्थ अणुऊर्जेविरोधात शपथा घेऊन निवडून आले आणि खुर्चीवर बसल्याबरोबर पहिली सही अणुभट्टी चालू करायच्या कागदावर केली. चूक असेल तर दुरुस्त करा.

बोईसर_लोकल

+१ हिशेबनीस. आम्ही तारापूरच्या शेजारचे, त्यामुळे हा विषय जवळचा. इथे १९६९ पासून अणुवीज आहे, पण कुणी त्या मुद्द्यावर दिल्लीतलं सरकार सोडलंय असं ऐकलं नाही. तिकडे नक्की काय झालं ते सविस्तर लिहा.

लुंडकर

जेवण झालं. हिशेबनीस, पहिली सही वगैरे जरा फोडणी आहे, पण डाळ खरीच आहे. तर ऐका.

सत्तरच्या दशकात लोकसंख्येच्या मानाने स्वीडनएवढा मोठा अणुकार्यक्रम जगात फार कमी देशांचा होता. सुरुवातीला सगळेच पक्ष त्याच्या बाजूने, सेंटर पार्टीसुद्धा. स्वच्छ वीज, नद्यांवर आणखी धरणं नकोत, मग वाईट काय? काटा फिरला १९७२ च्या सुमाराला. बिर्गिटा हांब्रेउस नावाच्या सेंटर पार्टीच्या खासदारबाईंनी संसदेत साधा प्रश्न विचारला, की वापरून झालेल्या इंधनाचं पुढे काय करणार? त्यांच्या पाठीशी होते हानेस आल्फवेन. हे कोणी कार्यकर्ते नव्हेत, १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. समाधानकारक उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेतकऱ्याच्या डोक्याला हा मुद्दा लगेच पटतो. जमीन पुढच्या पिढीच्या हातात द्यायची असते, तिच्यात काय पुरून ठेवलंय हे सांगता आलं पाहिजे.

१९७६ च्या प्रचारात फेल्दीन सांगत फिरले, की मंत्रिपदासाठी मी या बाबतीत सदसद्विवेक विकणार नाही. फार सोवळं वाक्य. असली वाक्यं पुढे मानेवर बसतात.

सरकार तीन पक्षांचं झालं. यांच्या जोडीला युस्ता बूमान यांचा उजवा मॉडरेट पक्ष आणि पेर आल्मार्क यांचा लिबरल पक्ष, आणि दोघेही अणुऊर्जेच्या बाजूचे. इथे माझ्या घरापासून वीसेक किलोमीटरवर समुद्रकाठी बार्सेबेकचं केंद्र आहे. तिथली दुसरी भट्टी इंधन भरायला तयार उभी होती. सोबत्यांनी सांगितलं, ही चालू होऊ दे, पुढच्यांसाठी कडक कायदा करू. फेल्दीन यांनी मान्य केलं.

झालं! 'विश्वासघात' हा शब्द तेव्हापासून वर्षानुवर्षं त्यांच्या मागे फिरला. विरोधकांना तर सणच.

तो कडक कायदा मात्र झाला, १९७७ मध्ये. नव्या भट्टीत इंधन भरायचं असेल तर आधी मालकाने दाखवायचं, की कचऱ्याची पूर्णपणे सुरक्षित व्यवस्था कशी करणार. 'बघू पुढे' चालणार नाही. वीज कंपन्यांची धावपळ उडाली, भूगर्भशास्त्रज्ञ कामाला लागले. तांब्याच्या जाड डब्यात इंधन बंद करायचं, भोवती बेंटोनाइट माती आणि सुमारे ५०० मीटर खोल ग्रॅनाइटमध्ये ठेवायचं, ही पद्धत त्या धावपळीतून उभी राहिली. फोर्समार्कला तसं भांडार बांधायला सरकारने परवानगी दिली २०२२ मध्ये! एका कायद्याच्या अटीला पंचेचाळीस वर्षांनी जागा मिळाली.

१९७८ मध्ये रिंगहाल्स ३ आणि फोर्समार्क १ या भट्ट्यांची पाळी आली. पुन्हा तेच. सोबती म्हणतात भरा, हे म्हणतात अट पुरी झालेली नाही. रात्र-रात्र बैठका. या वेळी माणूस वाकला नाही. ५ ऑक्टोबर १९७८ ला राजीनामा दिला आणि चव्वेचाळीस वर्षांनी मिळालेली सत्ता दोन वर्षांत सोडली. @बोईसर_लोकल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. इथे सरकार गेलं ते खरोखर भट्टीवरून गेलं.

शंकासुर

मग सत्ता पाल्मेंकडे गेली असणार ना?

लुंडकर

नाही ना! लिबरल पक्षाच्या ऊला उल्स्टेन यांनी एकट्याने सरकार केलं. जागा किती? ३४९ पैकी ३९.

इथला नियम आपल्यापेक्षा उलटा आहे. पंतप्रधानाला बहुमत 'बाजूने' लागत नाही, फक्त बहुमत 'विरोधात' पडता कामा नये. म्हणजे १७५ जणांनी स्पष्ट 'नाही' म्हटलं तरच माणूस पडतो. बाकीचे गप्प बसले, की ३९ वालाही राज्य करतो. १९७९ ला फेल्दीन परत पंतप्रधान झाले तेही असेच, केसाच्या अंतराने. त्यांच्या बाजूचे पक्ष १७५, समोर १७४.

शंकासुर

हे आपल्याकडे आणलं तर रिसॉर्टवाल्यांचा धंदा बसेल.

मिरची_भजी

😂😂 शंकासुर, संपादक येतील हं.

बोईसर_लोकल

पण १९७९ ला परत कसे आले? लोकांनी माफ केलं?

लुंडकर

लोकांनी नाही केलं, पेनसिल्व्हेनियाने केलं म्हणा. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात अपघात झाला. तोवर सार्वमत नको म्हणणारे पाल्मे काही दिवसांत सार्वमताला तयार झाले, म्हणजे निवडणुकीतून हा विषयच बाहेर काढला. चलाख माणूस! सेंटर पार्टी २४ टक्क्यांवरून १८ वर घसरली, मॉडरेट्स पुढे गेले, तरी तिघांत मधला म्हणून पंतप्रधानपद फेल्दीन यांच्याकडेच आलं.

सार्वमत झालं २३ मार्च १९८० ला. हो की नाही असा सरळ प्रश्न असेल असं वाटत असेल तर थांबा. पर्याय तीन. 'रेषा ३' म्हणजे नवीन भट्ट्या नकोत आणि चालू असलेल्या सहा दहा वर्षांत बंद. ही फेल्दीन यांची, आजींची आणि कम्युनिस्टांची. 'रेषा १' आणि 'रेषा २' म्हणजे बाराही भट्ट्या वापरू आणि मग हळूहळू बंद करू. या दोन्हींच्या मतपत्रिकांचा पुढचा मजकूर एकसारखा! फरक मागच्या पानावर. रेषा २ च्या पाठीवर ऊर्जा बचत आणि सरकारी मालकीच्या गोष्टी छापलेल्या होत्या. मॉडरेट आणि सोशल डेमोक्रॅट यांना एकाच रेषेवर उभं राहिलेलं दिसायचं नव्हतं, म्हणून ही शिवणकला.

निकाल : रेषा १ ला १८.९ टक्के, रेषा २ ला ३९.१, रेषा ३ ला ३८.७. कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा. संसदेने ठरवलं, की २०१० पर्यंत सगळ्या भट्ट्या बंद करायच्या.

रानमेवा

आणि झाल्या?

लुंडकर

छे. बारापैकी सहा आजही चालू आहेत. उलट २०१० मध्ये जुन्यांच्या जागी नव्या बांधायला परवानगी देणारा कायदा झाला आणि त्याला पाठिंबा देणाऱ्या आघाडीत सेंटर पार्टी स्वतः होती. फेल्दीन तेव्हा हयात होते.

बार्सेबेक मात्र खरंच बंद झालं, पहिली भट्टी १९९९ ला, दुसरी २००५ ला. तिथून कोपनहेगन पाण्यापलीकडे वीसेक किलोमीटर. डॅनिश लोकांचा त्यावर फार जुना राग. मोर्चे काढून ते यमक म्हणायचे : 'व्हाड स्काल वेक? बार्सेबेक! व्हाड स्काल इन? सोल ओ विन!' काय जावं? बार्सेबेक! काय यावं? ऊन आणि वारा!

गोटेबोर्गची_सून

लुंडकर, मी लेख वाचून सासूबाईंना फोन केला. त्या कार्ल्सक्रोनाच्या. त्यांना फेल्दीन म्हटल्यावर अणुऊर्जा आठवतच नाही, पाणबुडी आठवते. तेव्हा तो भाग मी लिहिते, चालेल ना?

ऑक्टोबर १९८१. कार्ल्सक्रोना म्हणजे स्वीडिश नौदलाचा मोठा तळ. सगळा किनारा बेटं, खडक, अरुंद वाटा असा, परक्याने बोट घालायची सोयच नाही. २८ तारखेला सकाळी तिथल्या मच्छीमारांना दिसलं, की खडकावर सोव्हिएत पाणबुडी चढून बसलीय. आदल्या रात्रीच रुतली होती. तळापासून फक्त दहाएक किलोमीटरवर! कप्तान म्हणे यंत्रं बिघडली, रस्ता चुकला. सासूबाई म्हणतात, "अंधारात त्या खडकांतून तिथपर्यंत पोचायला रस्ता चुकून चालत नाही, रस्ता नीट माहीत असावा लागतो."

नाटोच्या भाषेत ती 'व्हिस्की' जातीची पाणबुडी. त्यामुळे जगभरच्या पेपरांनी 'व्हिस्की ऑन द रॉक्स' करून घेतलं. पण इथे कुणी हसत नव्हतं. बाहेर सोव्हिएत जहाजं थांबलेली. एका वादळी रात्री रडारवर दोन जहाजं सीमेकडे येताना दिसली. सरसेनापती लेनार्ट युंग यांनी फेल्दीन यांना फोन केला, काय करू? उत्तर दोन शब्दांचं : 'होल ग्रेन्सेन!' सीमा राखा. तोफखाना, विमानं, सगळं तयारीत. म्हणजे युद्धाला तोंड लागायचं का, हे फोनवर ठरत होतं. नंतर कळलं, ती जर्मन मालवाहू जहाजं होती.

पुढे तपासात पाणबुडीत बहुधा अण्वस्त्रं आहेत असं दिसलं. फेल्दीन यांनी ते पत्रकारांसमोर सांगून टाकलं, लपवलं नाही. ६ नोव्हेंबरला पाणबुडी ओढून बाहेर नेली आणि सोव्हिएतांच्या हवाली केली. तोवर कप्तानाची चौकशी झाली होती.

सासूबाईंच्या घरी तेव्हा सगळे रेडिओला कान लावून. सासरे आयुष्यभर सोशल डेमोक्रॅट, पण त्या आठवड्यात फेल्दीनला कुणी काही बोललं तर ते टेबलावर मूठ आपटायचे.

मिरची_भजी

काटा आला अंगावर. तो फोन कपाटातला का?

गोटेबोर्गची_सून

ते सासूबाईंना माहीत नाही, विचारलं मी 😄

हिशेबनीस

पाणबुडीचा भाग मान्य. तिथे डोकं शांत ठेवलं. पण अर्थकारण कुणीच काढत नाहीये, म्हणून मी काढतो.

१९७६ ला हे सरकार आलं ते अणुऊर्जेइतकंच करांवरच्या रागावर आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये लहान मुलांच्या लाडक्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी पेपरात एक उपरोधिक गोष्ट लिहिली, की वरच्या कमाईवर मला १०२ टक्के कर लागतो. अर्थमंत्री स्ट्रेंग यांनी बाईंना हिशेब कळत नाही असं म्हणून टिंगल केली. हिशेब बाईंचाच बरोबर निघाला. आता तुम्ही म्हणाल उजवे आले, कर गेले, सरकार आक्रसलं. प्रत्यक्षात काय? जहाजबांधणी बुडत होती, १९७७ ला सरकारने कारखाने ताब्यात घेतले. पोलाद बुडत होतं, १९७८ ला सरकारी पोलाद कंपनी. समाजवाद्यांनी चव्वेचाळीस वर्षांत जेवढे कारखाने सरकारी केले नाहीत तेवढे या बिगरसमाजवाद्यांनी दोन-तीन वर्षांत केले, असा टोमणा तिकडे प्रसिद्ध आहे. वर क्रोनाचं, म्हणजे तिकडच्या चलनाचं, अवमूल्यन एकदा नाही, अनेकदा. तूट वाढत गेली. हा कारभार चांगला होता असं कुणी म्हणू नये.

लुंडकर

हिशेबनीस, यातलं काही नाकारत नाही. तेलाचे दोन धक्के याच काळातले, जपानी आणि कोरियन जहाजकारखाने स्वस्तात माल देत होते. गोटेबोर्ग-मालमोच्या गोद्या फेल्दीन यांनी बुडवल्या नाहीत. पण त्यांना अर्थकारणाची पकड नव्हती, बूमान आणि लिबरल यांच्यात ते तराजू धरून बसत, हे त्यांचे चाहतेही म्हणतात.

करांवरून तर दुसरं सरकारही फुटलं. एप्रिल १९८१ मध्ये एका रात्रीत सेंटर आणि लिबरल यांनी थेट पाल्मेंच्या पक्षाशी कर कमी करण्याचा समझोता केला. त्या रात्रीला इथे 'ती अद्भुत रात्र' म्हणतात. बूमान यांना ती अजिबात अद्भुत वाटली नाही. मॉडरेट्स बाहेर पडले. मग १०२ जागांवर दोन पक्षांचं सरकार चालवलं, ऑक्टोबर १९८२ पर्यंत. म्हणजे पाणबुडीच्या वेळी त्यांच्या पाठीशी संसदेचा तिसरा हिस्साही नव्हता.

एक गोष्ट तुमच्या खात्यात टाकतो, कारभाराच्या जमेला. सिंहासनाच्या वारसाहक्कात मुलगा-मुलगी भेद काढणारा कायदा १ जानेवारी १९८० पासून लागू झाला, तेव्हा पंतप्रधान हेच. राजाला त्याआधी काही महिने मुलगा झाला होता आणि तो युवराज होता. राजेसाहेब फारसे खूश नव्हते. व्हिक्टोरिया आज युवराज्ञी आहे ती त्यामुळे.

हिशेबनीस

हे माहीत नव्हतं. एक पैसा जमा.

सोडावॉटर

उशिरा आलो. बोफोर्समध्ये यांचा काही हात?

लुंडकर

आलीच गाडी 😄 नाही. हे १९८२ ला सत्तेतून गेले. भारताशी करार २४ मार्च १९८६ चा, पाल्मेंच्या खुनानंतर महिन्याच्या आत. स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी फोडली एप्रिल १९८७ मध्ये.

अवांतर : पाल्मेंचं भारताशी नातं बोफोर्सच्या आधीपासून आहे. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे रजनी पाम दत्त, ज्यांची पुस्तकं आपल्याकडच्या लाल बावट्याच्या जुन्या मंडळींनी वाचलेली असतील, त्यांच्या आई याच पाल्मे घराण्यातल्या. 'पाम' म्हणजे पाल्मे.

रानमेवा

हे भारी! धागा भलतीकडे नेऊ नका आता, फेल्दीन यांचं पुढे काय झालं ते सांगा.

बोईसर_लोकल

आणि जैतापूर कुणी काढू नका, त्यावर वेगळे सतरा धागे आहेत.

लुंडकर

पुढे उतारच. पक्ष १९८२ ला १५.५ टक्के. १९८५ ला छोट्या ख्रिश्चन पक्षाशी मिळून लढले आणि १२.४. शहरातली हिरवी मतं नव्या पर्यावरण पक्षाकडे सरकायला लागली होती, उजवी मतं मॉडरेट्सकडे. पक्षातल्याच लोकांनी कुरकुर सुरू केली आणि १९८५ संपता संपता फेल्दीन यांनी नेतेपद सोडलं. जागेवर आल्या कारीन सोदर, यांच्याच मंत्रिमंडळातल्या माजी परराष्ट्रमंत्री. संसदेतल्या पक्षाचं नेतेपद बाईकडे जाण्याची स्वीडनमधली ही पहिलीच वेळ.

मग काही वर्षं बँकेचं, टेलिफोन खात्याचं अध्यक्षपद वगैरे. (टेलिफोन! नियतीला विनोदबुद्धी आहे.) पण राहायला परत रामविकला, शेतावर.

आणि आता एक गोष्ट, जी वाचताना मी दोनदा तारीख तपासली. पायउतार होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. २८ एप्रिल १९८६ ला सकाळी फोर्समार्कच्या केंद्रात कामावर येणाऱ्या माणसाच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला. गळती आपलीच समजून केंद्र रिकामं केलं. आपली नव्हती. चेर्नोबिलची होती, सोव्हिएतांनी तोवर जगाला सांगितलंच नव्हतं. ढग वाऱ्याबरोबर वर आला, पाऊस पडला आणि किरणोत्सर्गी सीझियम जमिनीवर उतरलं. सगळ्यात जास्त कुठे? येव्लेबोर्ग, उप्साला आणि वेस्टरनोरलांड या जिल्ह्यांत. रामविक वेस्टरनोरलांडमध्ये आहे. जंगलातली अळंबी, रेनडिअरचं मांस, तळ्यातले मासे वर्षानुवर्षं तपासून घ्यावे लागले.

२३ जुलै २०१६ ला ते गेले, नव्वदीचे होऊन. रामविकलाच.

शंकासुर

पाल्मेही अंगरक्षकाशिवायच हिंडत होते ना, त्या रात्री? म्हणजे ही दोघांचीही सवय म्हणायची.

लुंडकर

हो. २८ फेब्रुवारी १९८६, बायकोबरोबर सिनेमा पाहून पायी घरी निघाले होते, अंगरक्षकांना सुट्टी दिलेली. तेव्हापासून पंतप्रधानाने कचऱ्याची पिशवी घेऊन एकटं खाली उतरणं संपलं इथे.

गोटेबोर्गची_सून

लुंडकर, आजींना एकदा विचारा ना. ज्या बार्सेबेक २ विरुद्ध त्यांनी मत दिलं तीच भट्टी यांनी चालू केली. मग पुन्हा मत दिलं का त्यांनी?

लुंडकर

काल संध्याकाळी विचारलं. कोट खुंटीला होता, बटण त्यांनी घट्ट शिवलंय, फक्त दोरा निळा आणि कोट करडा.

म्हणाल्या, १९७६ च्या हिवाळ्यात त्यांनी बिल्ला कोटावरून काढला होता. बिल्ल्याची लाज नव्हती वाटत, मत दिल्याची वाटत होती. त्यांच्या घराच्या माडीवरून तेव्हा बार्सेबेकची इमारत दिसायची आणि रोज सकाळी पडदा सरकवताना त्या फेल्दीनला एक शिवी द्यायच्या. शिवी कोणती ते सांगितली, पण इथे चालणार नाही. राजीनाम्याची बातमी रेडिओवर ऐकली त्या दिवशी परत लावला.

आणि १९७९ ला मत? तर म्हणे, "दिलं. पण त्या वेळी शिवी आधीच देऊन गेले."

मिरची_भजी

आजींना माझा नमस्कार सांगा. आणि ताक पाजा एकदा, आपलं.